पावसात धावणारे आतोबा

आमच्या आतोबांइतकी पावसाची वाट पाहणारा माणूस सबंध बेंगळुरात दुसरा नसेल. आणि ते काही शेतकरी नव्हते, शाळेत चित्रकला शिकवत. ढग भरून आले की लोक छत्री शोधत, हे अर्धी चड्डी शोधत. शिवाजीनगरातल्या घरून निघून, नाचणीच्या शेतांमधल्या लाल पायवाटांनी, थेट के. आर. पुरमच्या तळ्यापर्यंत एकटे धावत जायचे. पन्नाशीचा माणूस विनाकारण धावतो, ही कल्पनाच तेव्हा कुणाला झेपत नसे. एकदा ते कोरड्या दिवशी धावले, तर ओळखीचे तिघे मागोमाग घरी आले, कोण गेलं म्हणून विचारायला. "पावसात बरं असतं," ते मला म्हणाले, "सगळेच धावतात. कुणी विचारत नाही." परत आले की पायावरचा चिखल धुवायच्या आधी तो उजेडात नेऊन बघायचे. असा तांबडा कुठल्याच रंगपेटीत सापडत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

मग एका वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी धावणं बंद केलं. तो सबंध आषाढ आतोबा खिडकीशी बसून राहिले. जेवण कमी झालं, बोलणं तर जवळजवळ संपलंच. आत्या काही दिवस नुसती बघत होती. एका दुपारी सर आली तशी तिनं मला कोपऱ्यावरून जटका आणायला पाठवलं आणि त्यांना म्हणाली, "तुम्ही जावा. स्वल्प हळू. मी मागनं येते."

पुढं आतोबा, मागं घोडागाडीत आत्या आणि मी. ते इतके हळू धावत होते की घोड्याला मधूनमधून थांबावं लागे. महादेवपुऱ्याच्या पुढं एका चढावर ते थांबले. छातीवर हात, आमच्याकडं पाठ. मग मान खाली घालून जटक्याकडं वळले.

आत्या आधीच उतरली होती. लुगडं वर खोचून, अनवाणी चिखलातून ती त्यांच्यापाशी गेली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"तळं अजून लांब आहे?"

"फार नाही. चढापलीकडून दिसतं."

"सरी, ठीक आहे. मग चालत जाऊ. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, बघितलंय कुठं मी?"

त्यानंतर आतोबा कधी धावले नाहीत. त्या दिवशी मात्र दोघं तळ्याच्या बांधावर इतका वेळ भिजत उभे राहिले, की त्यांना हाक मारणं माझ्या जिवावर आलं.