काचेची मान

तिसऱ्यांदा परत आलेली नळी पाहून काचकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं प्रयोगशाळेला नळ्या फुंकून देणाऱ्या माणसाला आता ही कालची पोरगी शिकवणार, म्हणजे कहरच झाला!

काम तसं साधं होतं. मानेतल्या रक्तवाहिनीला जिथे दोन फाटे फुटतात, तो तुकडा काचेत घडवायचा. त्यातून रंगीत पाणी सोडून प्रवाह कसा वळतो, हे ती पोरगी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नव्या डॉक्टर मॅडम, बघणार. पण त्यांनी दिलेल्या नकाशात एका फाट्याच्या बुडाशी भलताच फुगवटा होता. असली ओबडधोबड वस्तू काकांच्या हातून उतरणं शक्यच नव्हतं. तिन्ही वेळा त्यांनी तो गुपचूप सारखा करून टाकला होता.

घरी वेगळीच कटकट. दोन महिन्यांपूर्वी मॅडमनी पन्नाशीपुढच्या माणसांच्या माना यंत्राखाली तपासल्या, त्यात काकाही होते. "काय निघालं, विचारलंत का?" बायको रोज पिच्छा पुरवायची. काकांच्या वडिलांचं अर्धांगवायूचं दुखणं तिनंच सात वर्षं काढलं होतं. "मॅडमना वेळ नसतो गं," म्हणून काका सटकायचे. खरं तर विचारायची त्यांची छातीच होत नव्हती.

चौथ्यांदा मात्र त्यांनी दातओठ खात नकाशाबरहुकूम नळी फुंकली. "घ्या तुमचं बेंगरूळ ध्यान!"

मॅडमनी पाणी सोडलं. निळा रंग सरळ भागातून झरझर निघून गेला. फुगवट्यात मात्र उलटा फिरून घुटमळत राहिला.

"बघा काका, प्रवाह असा रेंगाळतो ना, तिथेच आधी भिंतीला चरबी धरते. ती वाढली की अर्धांगवायूचा धोका."

"पण एवढं वाकडं असतं का कुणाचं? कुठल्या करंट्याची मान आहे ही?"

मॅडमचाही संयम सुटला. त्यांनी खणातून पाकीट काढून पुढे सरकवलं. "तुमची! दोन महिने रिपोर्ट पडून आहे. किती निरोप धाडायचे? सुरुवातच आहे, औषधांनी आटोक्यात राहील. पण तुम्ही याल तर ना!"

पाकिटावर काकांचंच नाव होतं. निळा रंग अजून तिथेच फिरत होता.

"तीनदा सरळ करून दिली होती की मी!" ते मॅडमवरच खेकसले, आणि त्यांचा आवाज चिरकला.