थोरल्याचं सोंग

त्याचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. सगळे शंकाराव म्हणत, आणि तोही ओ देई. फक्त ओ देण्याआधी हाक मारणाऱ्याच्या हातात काय आहे, ते नीट पाहून घेई.

हा स्वभाव त्याला आत्याने लावला. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं, आणि रोज जेवताना घासाबरोबर गोष्टी भरवल्या. आत्याच्या गोष्टींतला शेतकरी हमखास भोळा आणि जनावरं एकजात बनेल. कोंबडी शेजाऱ्याकडे अंडं घालून येई आणि आपल्या दारात ओरडे. शेळी कोबी फस्त करून गाढवाच्या तोंडाला पानं चिकटवी. बैल तर नांगरणी आली की आजाऱ्याचं सोंग घेई, आणि मालकाने खाटकाचं नाव काढताच टुणकन उठे. गोष्ट संपली की आत्या विचारी, "मग? तू फसशील?" पोरगा "नाही" म्हणाला की मगच शेवटचा घास. आत्या गेली, पोराचे केस पिकले, पण ते "नाही" काही त्याच्या तोंडातून गेलं नाही.

त्याच्या गोठ्यात एक शेळी आणि दोन बैल होते, थोरला आणि धाकटा. वैरण लवकर संपते म्हणून त्याने शेळीवर पाळत ठेवली. ती दिवसभर साळसूदपणे रवंथ करत बसली, आणि तेवढ्यावरूनच त्याची खात्री पटली. त्याने गव्हाणीच्या कडेने कुंपणाची उरलेली हिरवी तार ताणली. बैलाची मान वरून आत जाईल, शेळीचं तोंड मात्र पोचणार नाही, असा बेत. जादा टोकं त्याने वैरणीवर वाकूनच पक्कडीने कटाकट तोडली. "आता कर म्हणावं चोरी," तो बायकोला म्हणाला.

त्यानंतर नांगर बाहेर काढायला आणि थोरल्याने खाणं सोडायला एकच गाठ पडली. थोरला गव्हाणीत तोंड घाली, काडी उचले आणि तशीच सोडून देई.

"अहो, लाळ गळतेय त्याची," बायको म्हणाली. "डॉक्टरला बोलवा."

"नांगर दिसला आणि दुखणं आलं? कुठेतरी पाणी मुरतंय." त्याने बायकोकडे निरखून पाहिलं. "तू त्याला चोरून भाकरी घालतेस ना?"

"घालायची तर तुमच्यासमोर घालीन, चोरून कशाला?" ती म्हणाली आणि तरातरा आत गेली. ती गेल्यावर त्याने भाकऱ्यांची टोपली उघडून पाहिलीच.

मग त्याने गोष्टीतला उपाय काढला. गोठ्यात उभं राहून, घसा खाकरून, तो मोठ्याने म्हणाला, "थोरला आता कामाचा राहिला नाही. द्यावा झालं खाटकाला!" धाकट्याने कान टवकारले. शेळीसुद्धा उठून उभी राहिली. थोरला मात्र मान खाली घालून पडून राहिला.

"पक्का आहे लेकाचा," शंकाराव पुटपुटला आणि त्याने खरोखरच जनावरांच्या व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं. थोरल्याला विकायचं त्याच्या मनात मुळीच नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात त्याचा जीव जडला होता तो त्या एका बैलावर. पण व्यापाऱ्याला पाहून थोरला घाबरून उठेल, आणि आपण फसणार नाही ते त्याला एकदाचं कळेल, असा त्याचा हिशेब.

व्यापारी आला. दात पाहायला त्याने थोरल्याचा जबडा उघडला आणि तसाच थांबला.

"मालक, जिभेखाली तार रुतलीय की हो! उपाशी मरेल हा."

"तुम्हीच घातली असेल," शंकाराव उसळला. "भाव पाडायला!"

"या आणि बघा. मांस चढलंय तिच्यावर."

त्याने वाकून पाहिलं. सुजलेल्या मांसातून हिरवं टोक डोकावत होतं. बायको शेजारीच उभी होती. तिने एकदा त्या टोकाकडे पाहिलं, एकदा गव्हाणीच्या तारेकडे. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग तीच पक्कड आणली. व्यापाऱ्याने जबडा धरला, शंकारावाने तार ओढून काढली. थोरला असा हंबरला की शंकारावाच्या हातातून पक्कड गळून पडली. तिथेच मातीत बसून तो रडला, व्यापाऱ्यासमोर, शेळीसमोर.

डॉक्टरच्या औषधाने जखम भरली. थोरला बायकोच्या हातून भराभर खाऊ लागला. शंकाराव वैरण घेऊन पुढे झाला की मात्र मागे सरे, फुरफुर करून वास घेई आणि तोंड फिरवून उभा राही. नव्याने निवडलेली, झटकलेली वैरण दिली तरी तेच. शेवटी एका सकाळी रागारागाने त्याने पेंढीतली काडी उपसली, स्वतःच्या तोंडात घातली आणि कराकरा चावली. "हे बघ! काही नाही तिच्यात!" थोरल्याने ते पाहिलं, आणि मग तोंड पुढे केलं.

तेव्हापासून हा रोजचा शिरस्ता झाला. गाव हसतं, बायकोही हसते. अंगणातल्या कोंबड्यांवर शंकारावाची नजर अजून असते, पण गव्हाणीची तार त्याने काढून टाकली आहे. सकाळी तो थोरल्यासमोर उभा राहून काडी चावतो, आणि थोरला त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो. काडी खरोखर गिळली, अशी खात्री पटल्याशिवाय तो वैरणीला तोंड लावत नाही. त्यालाही आत्यानेच वाढवलं असावं तसा.