अण्णा नगरच्या गच्चीवर न पडलेला पाऊस

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि दर वेळी म्हणते, "काहीही हं!" अड्यारच्या एका लॅबमध्ये पाणी तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. विहिरीत बाई दिसते म्हणून कुणी बाटली भरून आणली तर मी त्यात क्षार किती ते सांगेन, बाईचं नाही सांगणार. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलंय माझ्याच बाबतीत, तेव्हा काय हसायचं ते मला हसा.

मी वृंदा, मूळची सांगलीची. लग्न होऊन चेन्नईला आले ती अण्णा नगरातल्या तंजावरी मराठी घरात. घरात नवरा रघू आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अम्माच म्हणतात. वय बहात्तर. त्यांची मराठी ऐकून माझ्या माहेरची माणसं आधी बावचळतात आणि मग त्यांच्या प्रेमात पडतात. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, वरून तमिळची फोडणी!

चाळिशी उलटल्यावर मला शिडाच्या बोटीचं वेड लागलं. रविवार आला की मी कोवलमसमोरच्या समुद्रात. मग एक जुनी तीस फुटी बोट घेतली, तिचं नाव ठेवलं 'चिमणी', आणि गेल्या फेब्रुवारीत एकटी निघाले — चेन्नई ते पोर्ट ब्लेअर. मधे कुठे थांबायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. यातलं 'मदत नाही' हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. सहा वर्षं त्या दोन शब्दांच्या मागे होते मी. अम्मांना ते काही पटलं नव्हतं. "विमान आहे कीं! त्यांत बसून जायचं सोडून हें काय गे?" असं म्हणत त्यांनी डब्यात लिंबाचं लोणचं भरून दिलं.

पहिले चार दिवस — काय सांगू! ईशान्येचा वारा, एका अंगावर कललेली चिमणी, आणि मी मोठमोठ्याने बेसूर गातेय. ऐकायला कोणी नाही हे केवढं सुख असतं! सुकाणू धरायला वाऱ्यावर चालणारं एक यंत्र होतं. त्याला मी 'भाऊजी' म्हणायचे, कारण कुरकुर न करता काम करायचे बिचारे. झोप वीस-वीस मिनिटांची, गजर लावून. दर तीन तासांनी वहीत वारा, ढग, हवेचा दाब लिहायचा. सकाळी डेकवर उडते मासे येऊन पडलेले असायचे, त्यांना 'जा बाबांनो' म्हणत परत पाण्यात सोडायचं. दूध पावडरचं दही लावायचं, दुपारी दहीभात आणि लोणचं. कुकर दोरीने बांधलेला, मीही दोरीने बांधलेली. माझ्याएवढी सुखी बाई त्या आठवड्यात पृथ्वीवर नसेल!

पाचव्या दिवशी चहा खारट लागला.

वाटलं, साखरेऐवजी मीठ पडलं. दुसरा केला, तोही खारट. मग डेकवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं. पाण्याच्या टाकीचं झाकण डेकवर असतं आणि त्याला आतून एक रबरी रिंग असते. ती मी निघायच्या आदल्या दिवशी स्वच्छ धुऊन, वाळायला म्हणून घरी किचनच्या खिडकीत ठेवली होती... आणि तिथेच राहिली. चार दिवस डेकवर लाट आली की थोडा थोडा समुद्र टाकीत उतरत होता. वीस वर्षं लोकांना 'टाकीची झाकणं नीट लावा हो' म्हणून सांगणारी मी! लॅबमध्ये कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

बाटल्यांमधलं दहा-बारा लिटर पाणी उरलं. वारा असता तर तेवढ्यात निभलंही असतं. पण त्याच दुपारी वारा पडला. समुद्र नुसता तेलासारखा झाला, शिडं लोंबायला लागली. भाऊजी गप्प. ऊन तर असं की डेकवर पाय ठेववेना. डिझेल बंदरात शिरण्यापुरतंच होतं, आणि बंदर गाठायला अजून अर्धी वाट बाकी.

रघूशी सॅटेलाइटवरून छोटे छोटे मेसेज चालायचे. त्याने निक्षून सांगितलं, आठव्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत पाणी किंवा वारा, दोन्हींपैकी काही मिळालं नाही तर तो मदत मागवणार. कबूल करावंच लागलं. मदत आली की माझी सफर संपली, बाकी कितीही सुखरूप पोचले तरी. अम्मांना यातलं अक्षरही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, कारण त्यांचं बीपी.

आठव्या दिवशी सकाळी तीन लिटर पाणी होतं. रघूने पाठवलेल्या अंदाजात पुढचे पाच दिवस पाऊस नाही, वारा नाही. हवेचा दाबही जागचा हलला नव्हता. मी सुकाणूपाशी बसून चक्क रडले. मग स्वतःला झापलं की बाई, डोळ्यांतनं पाणी कशाला घालवतेस.

अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून एक ढग आला. एकच. चारी बाजूंना लख्ख ऊन, आणि हा आपला सरळ माझ्याकडे. अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिला थेंब पडला — वहीत लिहिलंय मी — आणि मग जो कोसळला म्हणता! मी मोठ्या शिडाची झोळी केली, पहिलं खारट पाणी जाऊ दिलं आणि मग बादली, कॅन, पातेली, कुकर, लोणच्याच्या डब्याचं झाकणसुद्धा भरून घेतलं. सगळं भरल्यावर शांपू काढला. आठ दिवसांचं मीठ केसांत होतं हो! भर समुद्रात, भर दिवसा, डेकवर नाचत मी न्हायले. हसत होते, किंचाळत होते, पावसाला शाबास म्हणत होते. अकरा चाळीसला पाऊस थांबला आणि मागोमाग वारा आला. चिमणी कलली, भाऊजी कामाला लागले. मी रघूला एवढंच पाठवलं, "पाऊस. पाणी भरलं. मदत नको!!"

समुद्रावर असा अवचित पाऊस येतो, त्यात नवल काहीच नाही. इथपर्यंत मला काही विचित्र वाटलंच नव्हतं.

तेराव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला लागले — एकटी, मदतीशिवाय. धक्क्यावरूनच रघूला फोन केला. तो अभिनंदनही करेना. "आधी अम्माशी बोल," म्हणाला, आणि फोन अम्मांकडे गेला.

"वृंदा, त्या दिवशीं न्हाल्यावर डोकं नीट पुसलंस की नाहीं गे?"

मी न्हायल्याचं जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी फोन परत रघूकडे द्यायला सांगितला.

मग रघूने सगळं सांगितलं. त्या सकाळी अम्मा गच्चीवर वडाम वाळत घालत होत्या — वडाम म्हणजे तांदळाच्या पिठाच्या सांडगे-कुरडयांसारखं वाळवण. अचानक त्या ओरडल्या, "पाऊस येऊन सोडला रे! वडाम काढ!" रघू घरून काम करत होता, तो वर धावला. आभाळ कोरडं ठणठणीत. फरशी इतकी तापलेली की अनवाणी पाय पोळले. वडामांवर एक थेंब नाही. आणि अम्मा मात्र डोक्यापासून पायांपर्यंत निथळतायत, आणि खदाखदा हसतायत. त्याने फोटो काढला. फोटोवर वेळ अकरा चौदा.

मी परत आल्यावर पहिली गच्चीवर गेले. घरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप पलीकडच्या बाजूला पडतो. नळीने पाणी घालावं तर गच्चीत नळच नाही. घाम? लुगड्याचा पदर पिळून बादलीत पाणी निघेल इतका घाम कुणाला येत नाही. आणि यातलं काहीही असतं तरी फरशी ओली झाली असती. ते पाणी तपासायला मिळालं असतं तर... पण रघूने लुगडं धुऊन टाकलं होतं. त्यावरून आमचं अजून भांडण होतं.

शेवटी सरळ अम्मांनाच विचारलं. त्या भाजी चिरत होत्या.

"त्यांत काय आहे? पाऊस आला होता. मी म्हटलें, इथें माझे वडाम आहेत रे, तिकडे जाऊन सोड. तर गेला."

"पण अम्मा, तिकडे मला पाणी हवंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अय्यो, मला कोण सांगणार? तुम्ही दोघें मला काय सांगतां कधीं!" त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या हसण्याचा आवाज येत होता. तेवढं पुरलं मला."

 कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण खरं सांगू? सापडलं नाही तरी माझी काही तक्रार नाही.