रांजणखळग्यांपाशी राहिलेली कबुली

रविवार इथे आखातात कामाचाच वार. सकाळी बँकेत नुकतीच जागेवर बसले होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "शेळके गेला गं... लॅबमध्येच." मी आधी ह्यांच्यावरच चिडले. परवा शुक्रवारी आमच्याकडे जेवून, भाकरी जाड झाली म्हणून मला चार शब्द ऐकवून गेलेला माणूस असा जातो कसा? शुवैखच्या लॅबमध्ये मातीचे नमुने चाळता चाळता ते खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत. आज सहा आठवडे झाले. खैतानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की त्यांचं बंद दार समोर येतं, आणि मी अजूनही चिडतेच.

रामदास शेळके आमचे शेजारी आणि ह्यांचे जुने दोस्त. बांधकाम सुरू होण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून खालची माती, खडक तपासायचा, हे त्यांचं काम. मूळचे पारनेर तालुक्यातल्या निघोजचे. तिथे कुकडीच्या पात्रातल्या काळ्या खडकात मोठाले रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरागरा फिरत राहतात आणि वर्षानुवर्षं खडक कोरत जातात. भाऊजी त्या रांजणांत पोहायला शिकले. आई काठावर धुणं धुवायची, आणि बुडी मारून तळाचा वाटोळा गोटा वर आणला की गुळाचा खडा द्यायची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्या गुळाची चवसुद्धा सांगू शकेन. त्यांची बायको सुनंदा गेली तेव्हा लेक तन्वी सातवीत होती. पुढे बाप-लेक दोघंच. बापाने मराठीत विचारायचं, लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघांचं मस्त चालायचं. दगडांचं वेड मात्र पोरीने बापाकडून जसंच्या तसं उचललं. ती अमेरिकेत भूशास्त्र शिकायला गेली, तेव्हा भाऊजींनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

गेल्या उन्हाळ्यात ते तिला भेटायला गेले. उत्तरेकडच्या एका नदीच्या घळीत मोठं उद्यान आहे, तिथे तन्वी सुट्टीत पर्यटकांना खडकांची माहिती सांगायचं काम करत होती. तिथेही काळा खडक, तिथेही रांजण, आपल्यापेक्षा कितीतरी खोल. भाऊजींना माहेर भेटल्यासारखं झालं असणार. तन्वी तीस-चाळीस माणसांसमोर सांगत होती, की शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या वितळल्या, त्या पाण्याचा प्रचंड लोंढा इथून गेला आणि... तिचं वाक्य पुरं होण्याआधी मागून भाऊजींचा आवाज. "बर्फाने असं गोल भोक पडत नाही. हे नदीचं काम आहे. मी अशा रांजणांत लहानाचा मोठा झालोय." लोक हसले. तन्वी लाल झाली. "सर, प्लीज, प्रश्न शेवटी विचारा," म्हणाली. स्वतःच्या बापाला सर! भाऊजी गप्प बसते तरी निभावलं असतं. पण आमचे भाऊजी कसले गप्प बसतात? "प्रश्न नाहीये, चूक दुरुस्त करतोय," असं सगळ्यांसमोर बोलून मोकळे झाले. त्या दिवशी ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

परत आल्यावर हे सगळं त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, चहाचा कप तसाच गार होऊ देऊन. त्याच संध्याकाळी ते एकटे कड्यावर चढले होते. तिथे, नदीपासून पाच-सहा माळे उंचावर, त्यांना एक रांजण दिसला. "हात घालून बघितला वहिनी, आतून गुळगुळीत. खाली नदी एवढीशी. ती कवा चढायची तिथवर? पोरगी बर्फ कोरतो असं म्हणतच नव्हती. वितळल्या पाण्याचा लोंढा म्हणत होती. म्या ऐकूनच घेतलं नाही."

"मग सांगितलं का तिला?"

"नाही. चारचौघांत खोडलं तिला. आता फोनवर हळूच सॉरी म्हणायचं, ही कुठली रीत? आमच्याकडं पारावर बोललेलं पारावरच मागं घ्यावं लागतं. पुढच्या उन्हाळ्यात परत जातो, तिच्या लोकांत उभा राहतो, हात वर करतो अन् सांगतो. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

आणि मी, एरवी दोन मिनिटं तोंड बंद न ठेवणारी बाई, या बाबतीत मात्र शब्द पाळून बसले. डिसेंबरच्या सुट्टीत तन्वी आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. फोनवर बाप-लेक हवापाण्याचं बोलायचे. मला दिसत होतं. मी एक फोन केला असता तर पोरगी पुढच्या विमानाने आली असती... याची बोच मला जन्मभर राहील.

अंत्यविधी निघोजला झाले. गेल्या आठवड्यात तन्वी घर आवरायला इथे आली. कपडे घडी करता करता सहज बोलावं तसं बोलली, "काकू, ही डाइड थिंकिंग आय वॉज राँग." मग माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं, कड्यावरचा रांजण, पार, पुढचा उन्हाळा. तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं? आठ महिने?"

"हो."

ती उठून बाल्कनीत गेली. मला वाटलं, ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. आत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "ते काय म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांच्याच वर्ड्समध्ये." मी सांगितलं. "पुन्हा." पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा 'म्या ऐकूनच घेतलं नाही' म्हणताना मीच रडायला लागले, आणि तिनेच मला धरलं.

"ते लोकांसमोर सांगणार होते ना?" ती म्हणाली. "मग तुम्ही सांगा."

म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर सांगते. त्या घळीतले, उंच कड्यावरचे रांजण आजच्या नदीने कोरलेले नाहीत. हिमनद्या वितळल्या, त्या पाण्याने ते कोरले. तन्वी बरोबर होती. रामदास शेळके चुकले होते, आणि ते त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं.