दिवसाचा शुक्र

मार्गासनीच्या वरच्या माळावर ठकुबाई मेंढरं राखायची. बोलणं कमी, नजर मात्र घारीची. थंडीत ऊन वर आलं की मोठ्या धोंड्याच्या सावलीत बसायची आणि सूर्य धोंड्याआड ठेवून भर दिवसा शुक्राची चांदणी बघायची. कुणी हसलं तर म्हणायची, "दिसतीय तर बघू नगं व्हय?"

अडतीस सालच्या मार्गशीर्षात मात्र त्या चांदणीवरच तिचा जीव टांगला होता. लेक भामा शिवऱ्याला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. शुक्राचा अस्त असताना लेकीला माहेरी धाडत नाहीत, म्हणून विहीण सगुणाबाई अडून बसली. भटजी म्हणाले, शुक्र उगवला. तर ही म्हणे, "म्या माज्या डोळ्यानं बघंन, तवा धाडीन." पहाटे शिवऱ्यात धुकं, दिसणार कुठून? ठकुबाईनं तिला दिवसा अंगणात नेऊन बोट दाखवलं, तरी दिसेना.

"दिवसा चांदण्या दाखवता व्हय आमाला? जा, फोटू काढून आणा!" असा सगळा ठसका!

ठकुबाईनं तेही केलं. नवं घोंगडं देऊन भोरचा फोटोवाला कुंडलिक माळावर आणला. त्यानं धोंड्याआडून आभाळ काचेवर टिपलं. घरी जाऊन कागदावर उतरवलं, तर खरोखरच पांढरा ठिपका! पण फोटोवरचे डाग बारीक कुंचल्यानं बुजवायचं काम त्याची बायको बनाबाई करायची, आणि तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. हात मोठा साफ हो बाईचा! धुळीचा कण समजून तिनं शुक्र बुजवला आणि फोटो कागदात गुंडाळून ठकुबाईच्या हाती दिला.

ठकुबाईनं तो शिवऱ्यातच उघडला. धोंडा होता, वर कोरं आभाळ.

"बघा!" सगुणाबाई हसली.

ठकुबाईला राग येईना, रडू येईना. भामा दारात पोट सावरत उभी होती.

"आये, जा तू. मेंढरं एकलीच असतील."

ठकुबाई उठली, चालू लागली. शुक्र वर होता. तिनं बघितलं नाही.

पौषात भामा बाळंतपणातच गेली, बाळासकट. ठकुबाई दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन माळावर. लोक म्हणाले, काय बाई दगडाचं काळीज! काळीज कसलं, तिला काही वाटतच नव्हतं. भाकरी खाल्ली का, तेही आठवत नव्हतं.

तेराव्यानंतर जावई गेनू भामाची लुगडी गाठोड्यात बांधून घेऊन आला. ठकुबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ चाचपली.

"जावईबापू," ती म्हणाली, "हे धाडताना तुमच्या आईनं शुक्र बघितला का?"