फ्लेक्सवरचा हुद्दा

डोमाजी पाझारेच्या फोटोखाली काय छापायचं, ते मी ठरवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे कोर्टात मला हेच विचारलं.

आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये डोमाजीनं सोळा वर्षं कापसाच्या गाठी बांधायचं प्रेस चालवलं. एक दिवस लोखंडी पट्टी तुटली आणि शेजारच्या कामगाराचा हात गेला. तपासणीचे साहेब आले तेव्हा सगळे खाली माना घालून उभे. डोमाजी बोलला, "प्रेसपुढची जाळी तीन महिन्यांपासून निघेल हाय, साहेब. म्याच दोनदा सांगतलं." आठवड्यात त्याला काढलं. कारण काय, तर कामावर झोपला. सोळा वर्षं जागा होता, नेमका त्याच आठवड्यात झोपला!

वस्तीतल्यांचे अर्ज-कागद मीच पाहायची, म्हणून चार वर्षं डोमाजी आणि मी लेबर कोर्टाची बस धरत राहिलो. निकाल लागला: कामावर परत घ्या. मी वस्तीत पेढे वाटले, "जिंकलो" म्हणून ओरडले. मालकाचा माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हसत होता. तो का हसला, ते महिन्यानं कळलं. लेबर कोर्टाच्या निकालावर अपील नसतं, पण हायकोर्टात रिट टाकता येते. मालकानं ती टाकली आणि निकालावर स्थगिती आली. डोमाजी जिंकलेलाही आणि घरी बसलेलाही.

कायद्यात एक आधार होता. वरचा निकाल लागेपर्यंत मालकानं जुना पगार द्यायचा. कामगारानं फक्त हलफनामा, म्हणजे शपथेवरचा कागद द्यायचा, की मी दुसरीकडं नोकरीला नाही. डोमाजीनं दिला. खराच होता तो. सकाळी विहारातल्या वाचनालयाचं कुलूप उघडायचं, पेपर मांडायचे, संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढंच त्याचं काम. तेही फुकट.

मग एप्रिलात जयंती आली. आमच्या वस्तीत हुद्द्याशिवाय फ्लेक्सवर फोटो लागत नाही. शेतमजुरांची लेकरं मास्तर झाली, कारकून झाली; नावाखाली जागा रिकामी म्हणजे माणूस अजून दुसऱ्याच्या बांधावरच. जयंती कमिटीतला एकजण म्हणाला, "डोमाजीचा फोटो राहू द्या यंदा. काय लिवान खाली, बडतर्फ?" माझं डोकं फिरलं. त्याच्यासमोर फ्लेक्स छापायच्या दुकानात जाऊन मी लिहून दिलं: मा. डोमाजी पाझारे, व्यवस्थापक, वाचनालय.

"ताई, व्यवस्थापक काऊन? माह्याकडं तं निस्ती किल्ली हाय."

"राहू द्या, भाऊ. लोकं पाहतीन."

त्याची बायको राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. "घरात यांचं कोनी आयकत नाई, अन् म्हने व्यवस्थापक!"

त्या फ्लेक्सखाली हार घालून डोमाजी उभा राहिला. समोरच्या पानटपरीवर एक अनोळखी माणूस मोबाइल धरून होता. जयंतीत शंभर जण फोटो काढतात. पण मागून मिरवणूक आली, निळे झेंडे आले, तरी त्यानं मान वळवली नाही. त्याचा मोबाइल डोमाजीवरच होता. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

पावसाळ्यात आमच्या वकिलाचा फोन आला. तो फोटो हायकोर्टात लागला होता. मालकाचं म्हणणं, हलफनामा खोटा, माणूस पगारी व्यवस्थापक आहे, त्याच्यावर खटला चालवा.

मी म्हटलं, "अख्खी कमिटी हैदराबादेत उभी करते!"

"ताई, वर साक्षीदार उभा नाही करत. वर खालचा कागद वाचतात."

तसंच झालं. हायकोर्टानं खाली लेबर कोर्टाला सांगितलं, हा नोकरीत होता का, तपासून कळवा. खालचं कोर्ट जे लिहील, ते वरचं कोर्ट खरं धरून चालणार. आता नुसती नोकरीच नाही, तर डोमाजीची मोकळीकही त्या एका कागदावर होती.

कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव सरकारी मास्तर. त्यांनी अंग काढून घेतलं. "माही नौकरी हाय, बाई." मग मीच पिंजऱ्यात चढले. फ्लेक्स मी लिहिला, तो हुद्दा मानाचा आहे, पगार नाही, असं ठणकावून सांगितलं.

मालकाचा वकील सावकाश उठला. हिंदीत, अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं?"

"मानासाठी लिहिलं."

"हो की नाही, तेवढं सांगा."

"हो."

"त्याचा मान वाढवायला खोटं लिहिलंत. त्याला वाचवायला खोटं बोलणार नाही कशावरून?"

मी भडकले. काय बोलले ते आठवत नाही. वकील मात्र न्यायाधीशांकडं वळून शांतपणे म्हणाला, "साक्षीदाराचं उत्तर आलं आहे." टायपिस्टानं माझं "हो" टाइप केलं. पुढचं माझं ओरडणं टाइप झालं नाही.

बाहेर डोमाजी उभा होता. "ताई, आता वर जाऊन सांगता यीन ना, का मानाचं व्हतं म्हनून?"

"वर विचारत नाहीत, भाऊ."

"मंग काय पायतीन?"

मी आतल्या दाराकडं पाहिलं. टायपिस्ट माझ्या "हो"च्या कागदांना टाचणी मारत होता.