चार ओळींचा साप

आमच्या ओळीतल्या शिंपिणीला सगळे कात्री म्हणायचे, आणि ते तिच्या हातातल्या कात्रीमुळे नव्हे. माझं चष्म्याचं दुकान तिच्या दुकानाला लागून. मधली भिंत नुसत्या फळ्यांची, त्यामुळे अकरा वर्षांत तिचा एक शब्द माझ्या कानातून सुटला नाही. गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची, "पोट आत ओढून माप देऊ नका. कोट घालताना पोट घरी ठेवून येणार आहात का?" नवऱ्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायची, "साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला." तो पाण्याच्या पंपावर पाळ्या करायचा आणि घरी आला की झोपायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दुकानात दोन मशीनं होती. एकावर कात्री, दुसऱ्यावर तिची धाकटी जाऊ. मापं घ्यायची, कापड बेतायचं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची ते कात्रीनं, आणि मान खाली घालून टिपा मारायच्या त्या धाकटीनं. धाकटीचा आवाज मी ऐकलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. मला ऐकू यायचं ते तिचं मशीन. धाकटीची मुलगी तिसरीत. कात्रीला मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की मुलीला आणायला कात्रीच जायची. हातातलं काम टाकून जायची, गिऱ्हाईक उभं असलं तरी जायची.

एका सोमवारी ती गेली आणि एकटीच परत आली. इतक्या तावातावानं आली की माझ्या काउंटरवरच्या फ्रेमा हलल्या.

"फाटकावरच्या बाईनं मला अडवलं," ती ओरडत होती. "म्हणे, आईनं लिहून दिलंय, मुलीला काकूच्या ताब्यात द्यायचं नाही. सगळ्या आया बघत होत्या! मी काय पोरं पळवणारी आहे? सांग ना! तोंड आहे ना तुला?"

धाकटीचं मशीन थांबलं. तिनं काजांच्या दोऱ्याचा डबा उघडला आणि घडी केलेलं एक कात्रण काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. मी तोवर आपला दारात येऊन उभा होतो. आदल्या रविवारच्या पुरवणीतलं कात्रण. 'स्वप्न काय सांगतं?' या सदरातलं. त्यात छापलं होतं: 'घरात साप दिसणे. घरातली जवळची स्त्री गोड बोलून घात करील. आपली मौल्यवान गोष्ट तिच्या हाती सोपवू नये. सावध राहावे.'

"मला स्वप्न पडलं होतं," धाकटी म्हणाली. "सापाचं."

कात्रीनं ते दोनदा वाचलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली मला दिसत होती. "गोड बोलून?" ती म्हणाली. "अगं, जन्मात कधी गोड बोलले का मी कुणाशी?"

तिचं म्हणणं खरं होतं, पण मी हसलो नाही. हसलो असतो तर माझ्या चष्म्यांची खैर नव्हती.

त्या आठवड्यात धाकटीनं आपलं मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. चहाचा कप वेगळा, टाचण्यांची डबी वेगळी. मुलगी शाळेतून शेजारच्या कुणाबरोबर थेट घरी जायला लागली. कात्री दिवसभर धुमसत होती. "साप साप म्हणून भुई धोपटतेय," ती मला फळ्यांतून ऐकवायची. "अकरा वर्षं एका ताटात जेवलो, आणि मी अस्तनीतला निखारा! कोण हा शहाणा, ज्यानं हे लिहिलं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!"

शुक्रवारी तिनं शटर अर्धं ओढलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चष्मेवाले, चला. मला साक्षीदार हवाय."

"कशाला?"

"मी त्याला काय बोलते त्याला."

वर्तमानपत्राची कचेरी दोन जिने चढून होती. तो शहाणा सापडायला वेळ लागला नाही. कोपऱ्यात, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांमागे, विटक्या स्वेटरातला एक गृहस्थ डब्याचं झाकण ताटलीसारखं धरून जेवत होता. शब्दकोडं, आजचं हवामान, हरवले-सापडले आणि स्वप्नं, हे सगळं त्याच्याचकडे.

कात्रीनं कात्रण त्याच्या डब्यात टाकलं नाही, एवढंच. "हे तुम्ही लिहिलं?"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "हो. घरातला साप. चार ओळींचा."

"म्हणजे?"

तो माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. सरळ होता, म्हणून त्यानं सरळ सांगितलं. त्यानं खणातून एक फुगलेली फाईल काढली. आधीच्या माणसाकडून त्याला ती एकोणीस वर्षांपूर्वी मिळाली होती. निम्मे अर्थ त्या माणसाचे, निम्मे यानं घातलेले. पान लागलं की तळाला किती जागा उरली ते बघायचं आणि तेवढ्या ओळींचं स्वप्न टाकायचं. काळा साप तीन ओळी. अंगावर चढणारा साप सहा ओळी. मेलेला साप दीड ओळीचा, म्हणून तो फार क्वचित लागायचा.

"आणि घरातला साप चार ओळींचा," कात्री म्हणाली.

"तसा दोन ओळींचाही आहे," तो भाबडेपणानं म्हणाला आणि त्यानं पान उलटून दाखवलं. 'घरात साप दिसणे. घरात सुखशांती नांदेल.' आठ महिन्यांपूर्वी छापून गेलेलं.

कचेरीतले पाचसहा जण माना वर करून बघू लागले, कारण कात्रीचा आवाज आता जिन्यापर्यंत पोचला होता. "म्हणजे त्या रविवारी जागा दोन ओळींची असती, तर माझी पोर माझ्याकडे राहिली असती? तुमच्या जाहिरातीचा चौकोन बोटभर मोठा असता, तर मी शाळेच्या फाटकावर चोर ठरले नसते?"

"लोक गमतीनं वाचतात हो, बाई."

"माझ्या जावेनं गमतीनं नाही वाचलं!"

त्यानं माफी मागितली. खुलासा छापा म्हणाली, तर तो म्हणाला की स्वप्नाच्या अर्थाचा खुलासा कधी छापलेला नाही, वरिष्ठ हसतील. मग कात्री त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, मी इथून हलणार नाही. तासभर बसली. त्यानं हवामान लिहिलं, ते चुकलं, पुन्हा लिहिलं. शेवटी त्यानं डबा पिशवीत टाकला, फाईल काखेत मारली आणि म्हणाला, "चला. मी येऊन सांगतो त्यांना."

आम्ही तिघं दुकानात शिरलो तेव्हा धाकटी शाळेच्या गणवेशाला कॉलर लावत होती. त्या माणसानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन ओळींचा साप दाखवला, चार ओळींचा दाखवला. "ताई, याच्यामागे काही शास्त्र नाही," तो म्हणाला. "पान भरायचं असतं."

धाकटीनं टीप संपवली, दोरा तोडला. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

कात्री टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आली. "काय माहीत आहे?"

"की ते असंच काहीतरी लिहितात. मी काय खुळी आहे?"

"मग माझ्या तोंडाला काळं का फासलंस?"

धाकटी उठली. आणि त्या दिवशी मी तिचा खरा आवाज ऐकला. तो काही मोठा नव्हता, पण थांबतच नव्हता. "अकरा वर्षं तू मला गिऱ्हाइकांसमोर बोलतेस. माझ्या बहिणीच्या लग्नाचा कोट तिच्याच समोर उसवायला लावलास. म्हणालीस, हिला सरळ टीप येत नाही, हिला सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं. मला वाटलं, तुझी जीभच तशी. पण मागच्या महिन्यात पोरगी मला म्हणाली, 'आई, तू मंदच आहेस.' तुझ्याच चालीत म्हणाली, ताई. तोंडही तसंच वाकडं केलं. तिला मी तुझ्याकडे पाठवू? अजून चार वर्षांनी ती मला उसवायला लावेल!"

कात्री लाल झाली. "मग हे मला सांगायचं! त्या रद्दीच्या मागे काय लपलीस? छापील कागद दाखवतेस मला?"

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तू मला वाक्य तरी पुरं करू देतेस का? पेपरातलं निदान वाचलंस तरी. दोनदा वाचलंस."

मी दाराकडे सरकलो. तो स्वेटरवालाही सरकला, पण आम्हां दोघांच्या वाटेत कापायचं टेबल होतं.

कात्रीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. हे मी प्रथमच पाहिलं. मग ती रागातच म्हणाली, "आणि ते स्वप्न? तेही खोटंच का?"

"स्वप्न खरं आहे."

"काय होतं त्यात?"

धाकटीनं तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं. "साप माझ्या तोंडातून निघत होता. लांबच्या लांब. संपतच नव्हता. मला दुखत नव्हतं, लाज वाटत होती. तू मागे वळून बघायच्या आत मी तो मशीनखाली कोंबत होते." मग ती म्हणाली, "पुरवणीत तोंडातला साप नव्हता. म्हणून घरातला घेतला."

स्वेटरवाल्यानं खिशातलं पेन काढलं होतं. "तोंडातून साप," तो पुटपुटला. "हा आमच्याकडे खरंच नाही."

"लिहाल तर याद राखा!" कात्री त्याच्यावर कडाडली, आणि त्याच क्षणी धाकटीही म्हणाली, "अजिबात लिहायचं नाही!" त्यानं पेन खिशात घातलं आणि फाईल छातीशी धरून तो टेबलाखालून वाकून निघून गेला.

यानंतर दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. कात्रीनं धाकटीची माफी मागितली नाही. चार दिवस ती कापड असं कापत होती, की टेबलाचे पाय वाजत होते. मला म्हणाली, "मुकी होती तेव्हा बरी होती." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरगी खरंच माझ्या चालीत बोलली असेल का हो?" मी म्हटलं, असेल. त्यावर तिनं मला अर्धा तास सुनावलं.

महिन्याभरानं धाकटीनं दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्यानं घेतली. कात्री भडकली, घर फोडतेस म्हणाली, आणि मशीन हलवायच्या दिवशी हमालाला बाजूला सारून एका बाजूनं स्वतः उचललं, कारण हमाल ते तिरकं धरत होता. मुलगी आता शनिवारी काकूकडे येते. धाकटीनं अट घातली आहे की तिच्यासमोर गिऱ्हाइकाला बोलायचं नाही. शनिवारी त्यामुळे कात्रीचा चेहरा दिवसभर फुगलेला असतो आणि गिऱ्हाइकं मुद्दाम शनिवारी येतात.

स्वप्नांचं सदर अजून चालू आहे. कात्री दर रविवारी ते वाचते आणि ओळी मोजते.

परवा एका कोटाच्या अस्तरावरून दोघींची धाकटीच्या दारात जुंपली. गल्लीनं ऐकलं. कात्री म्हणत होती अस्तर तोकडं आहे. धाकटी म्हणत होती, कोट तुझ्याकडचा नाही, माप तुझं नाही, आपल्या दुकानात जा. कात्री तिथून तडक माझ्याकडे आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर धपकन बसली, माझ्यासाठी आलेला चहा उचलून प्यायली आणि म्हणाली, "काय बोलते हो ती! काय बोलते!"

"अस्तर तोकडं होतं का?" मी विचारलं.

"नव्हतं," ती म्हणाली, आणि कप असा आपटला की बशीचा टवका उडाला.